खंदकातला खंजीर आणि त्याचे दफ्तर

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगा मागे टाकून गुजरातच्या हद्दीकडे उतरत जाणाऱ्या रानमुलखात हरसूल हे बाजाराचे गाव आहे, आणि या मुलखातल्या माणसाला लोखंडी पात्याची ओळख कोणी नव्याने करून द्यावी अशी स्थिती मुळीच नाही. रानात जाणाऱ्याच्या कमरेच्या आकडीत कोयता असतो, घराच्या कुडाला विळे आणि कुऱ्हाडी अडकवलेल्या असतात, आणि बोहाड्याच्या रात्री लाकडी मुखवटा धारण करून जगदंबा महिषासुरावर चालून जाते तेव्हा तिच्या हाती तलवार असते. शेताचे पाते आणि देवीचे पाते ही दोन्ही येथे शाबूत राहिली. माणसाने माणसाशी लढण्यासाठी घडवलेले पाते मात्र कायद्याच्या रेट्याने हळूहळू मागे सरले. १८५७ च्या डिसेंबरात या भागात उठाव होऊन हरसूलचा बाजार लुटला गेला, त्या प्रकरणी पेठ संस्थानच्या घराण्यातील भगवंतराव यांना फाशी झाली, पुढे प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे कायदे एकामागून एक झाले, आणि ज्या १८७८ साली पेठच्या बेगम नूरजहान निवर्तल्या व संस्थान खालसा झाले, त्याच साली लॉर्ड लिटनच्या अमदानीतला हत्यारबंदीचा कायदाही आला. तेव्हापासून आपल्याकडील लढाऊ खंजीर हा वापराचा जिन्नस राहिला नाही. तो एक तर देव्हाऱ्यात गेला, नाही तर माळ्यावर, नाही तर मोडीत.

अशा खंजिरांचा, आणि विशेषेकरून पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या झटापटींसाठी घडवलेल्या खंजिरांचा, संग्रह करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत फार मोठा आहे, आणि आपल्याकडेही त्याचे चाहते आता आढळू लागले आहेत. या छंदाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे ते अशासाठी, की जुने लष्करी पाते हा मुख्यतः एक दस्तऐवज आहे, त्यावरचा प्रत्येक ठसा हा त्या दस्तऐवजाचा मजकूर आहे, आणि तो मजकूर वाचता न येणाऱ्या माणसाने पाते विकत घेतले काय आणि भंगारात घातले काय, इतिहासाच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर राहत नाही, अशी माझी धारणा आहे.

प्रथम हा खंजीर जन्मास का आला ते पाहू. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर दोन प्रचंड फौजा जमिनीत शिरून समोरासमोर बसल्या, तेव्हा शिपायांच्या हाती जी शस्त्रे होती ती उघड्या मैदानावरील लढाईच्या हिशेबाने तयार झालेली होती. ब्रिटिश व हिंदी पलटणींच्या रायफलीला १९०७ च्या नमुन्याची, १७ इंच पात्याची संगीन चढवली म्हणजे ते सारे हत्यार पाच फुटांहून लांब होई, आणि खंदक तर नागमोडी, अरुंद, ठिकठिकाणी काटकोनात वळणारा. त्या वळणावर अंधारात शत्रूशी अंगाला अंग भिडल्यावर एवढे लांब हत्यार नुसते वळवणेही अशक्य होऊन बसे. त्यातच रात्रीच्या छाप्यांची पद्धत सुरू झाली. ९ आणि १० नोव्हेंबर १९१४ यांमधल्या रात्री ३९ व्या गढवाल रायफल्सच्या शिपायांनी जर्मन खंदकावर घातलेला छापा हा ब्रिटिश बाजूकडून झालेल्या अगदी आरंभीच्या छाप्यांपैकी एक मानला जातो, आणि अशा छाप्यात बंदुकीचा आवाज हाच घातक ठरत असल्यामुळे निःशब्द आणि आखूड शस्त्राची गरज दोन्ही बाजूंना सारखीच जाणवू लागली. गुरख्यांच्या कमरेला खुकरी होतीच. इतरांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता जे हाताशी लागले त्यातून हत्यार निर्माण केले.

कुणी संगिनी आखूड करून घेतल्या. फ्रेंच शिपायांनी काटेरी तारा रोवण्याच्या पोलादी खुंटांचे एक टोक ठोकून अणीदार केले आणि दुसरे टोक वाकवून बोटे आत शिरतील असे कडे बनवले. या ओबडधोबड हत्याराला पुढे ‘फ्रेंच खिळा’ असे नाव पडले आणि आज त्याची अस्सल प्रत मिळणे दुष्प्राप्य झाले आहे. इंग्लंडात डडली येथील रॉबिन्स नावाच्या कारखान्याने ॲल्युमिनियमच्या ओतीव मुठीचे असे खंजीर काढले, की मूठ आवळली म्हणजे पाते बोटांपुढे सरळ निघावे आणि ठोसा मारण्याच्या क्रियेतच वार व्हावा. ते सरकारी पुरवठ्यातले नव्हते, अंमलदार ते पदरच्या पैशाने विकत घेत. जर्मनीत झोलिंगेन आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांनी लाकडी मुठीचे साधे, बळकट, आखूड सुरे हजारोंनी घडवले, आणि तेथील तपासनिसांनी त्यांवर मुकुटाचे चिन्ह व त्याखाली अक्षर असा ठसा मारला.

अमेरिका युद्धात उतरली १९१७ साली, आणि तिने प्रथम जो खंजीर काढला त्याचे पाते तीन पैलूंचे, टोचण्याला उत्तम परंतु कापण्याला निरुपयोगी होते; बोटांवर पोलादी पत्र्याचा बांक आणि त्यावर दातरे होते. तो फौजेला पसंत पडला नाही. मग फ्रान्समध्ये निरनिराळ्या देशांच्या खंजिरांची तुलना होऊन १९१८ चा ‘मार्क वन’ नावाचा नमुना ठरला: दुधारी चपटे पाते, चारही बोटांसाठी वेगवेगळी कडी असलेली ओतीव काशाची मूठ, आणि मुठीच्या बुडाशी डोके फोडण्याजोगा टोकदार सूळ. आज जगातील संग्राहक ज्याच्यामागे सर्वांत अधिक धावतात तो खंजीर हाच. परंतु ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले तेव्हा अमेरिकेत घडवलेली यांतली बहुतेक पाती खंदकापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि त्यांचा खरा वापर पुढे दुसऱ्या महायुद्धात रेंजर व छत्रीधारी पथकांनी केला. तेथेही त्याचे दोष दिसून आले. बोटे कड्यांत अडकल्यामुळे पकड बदलता येत नाही, मूठ अवजड, पाते तुलनेने नाजूक, आणि काशासारखा महाग धातू युद्धकाळात वाया घालवणे परवडणारे नव्हते. म्हणून १९४३ मध्ये चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचा ‘एम थ्री’ आला आणि दीड वर्षाच्या आत त्याच्या २५ लाखांहून अधिक प्रती बाहेर पडल्या. मागणी आणि गुण यांचा मेळ संग्राहकांच्या बाजारात नेहमीच बसतो असे नाही, हे मार्क वनच्या किमतीवरून ध्यानात यावे.

आता ज्या गोष्टीसाठी मराठी वाचकाने या विषयाकडे आस्थेने पाहावे असे मला वाटते तिच्याकडे वळतो. युरोपातील कारखानदारांना १९१५ नंतर जे प्रश्न पडले ते दख्खनच्या लोहारांनी कित्येक शतके आधी सोडवलेले होते. आपली कट्यार पाहा: दोन समांतर लोखंडी पट्ट्या मनगटाच्या दोहो बाजूंनी मागे येतात, त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या असतात, त्या मुठीत धरल्या म्हणजे पाते हाताच्या सरळ रेषेत येते आणि खांद्यापासूनचा सगळा जोर अणीवर एकवटतो. डडलीच्या खंजिराचे तत्त्व नेमके हेच आहे, फक्त त्यात मनगटाचे रक्षण करणाऱ्या पट्ट्या नाहीत, म्हणजे कट्यारीच्या मानाने तो अपुराच म्हटला पाहिजे. आपला बिचवा पाहा: मूठ म्हणजे अखंड लोखंडाचे कडे, त्यातून बोटे आरपार जातात, प्रतिपक्ष्याने हात कितीही हिसडला तरी शस्त्र निसटत नाही, आणि दुहेरी वळणाचे पाते बरगड्यांच्या सांध्यातून वाट काढते. तारेच्या खुंटाला कडे करणाऱ्या फ्रेंच शिपायाने अजाणता याच मुठीचा ओबड अवतार घडवला. चिलखताच्या कड्या भेदण्यासाठी पेशकब्ज नावाच्या सुऱ्याच्या पाठीला जाड कणा ठेवीत, आणि जाड लोकरी डगले भेदण्यासाठी अमेरिकनांनी तीन पैलूंचे पाते घेतले. दोहोंच्या मुळाशी विचार एकच, की टोचताना पाते वाकता कामा नये. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. अरुंद जागा, अंगाशी भिडलेला शत्रू आणि क्षणाचा अवधी या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे लोखंड जवळजवळ त्याच आकाराला येते, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीच्या शामियान्यात जी परिस्थिती होती ती या दृष्टीने खंदकातल्या परिस्थितीहून फार भिन्न नव्हती.

असे असूनही आपल्या या वारशाची आपण काय वाट लावू दिली याचे सर्वांत दुःखद उदाहरण तंजावरचे आहे. व्यंकोजीराजांपासून चालत आलेल्या भोसल्यांच्या त्या राज्यात जो शिलेखाना होता त्यात दक्षिणेतील कट्यारींचा अद्वितीय संग्रह होता. बोटांवर नागफणीसारखी किंवा शिंपल्यासारखी ढाल असलेल्या, जाळीदार नक्षीच्या कट्यारी, आणि कित्येकींत परदेशी तलवारींची तुटकी पाती बेमालूम बसवलेली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले, पुरुष वारस नाही या सबबीवर राज्य खालसा झाले, आणि पुढील दशकात सरकारने शिलेखान्याची विल्हेवाट लावली: थोडे नग मद्रासच्या संग्रहालयासाठी निवडले गेले आणि उरलेली शस्त्रे मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकण्यात आली. मद्रास इलाख्यातील वॉलहाउस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या प्रकाराची हकीकत लिहून ठेवली म्हणून आपणास ती कळते. जे नग वाचले ते आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि ज्यांच्यापाशी तंजावरची नोंद शाबूत आहे त्यांचे मोल, त्याच घडणीच्या परंतु बेवारशी कट्यारीहून कितीतरी अधिक धरले जाते.

नोंदीचे हे महत्त्व किती असते हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात तीन वर्षांच्या बोलीने आली, तेव्हा ती महाराजांचीच काय, यावर पुष्कळ चर्चा झाली. वस्तुस्थिती अशी, की ती वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्यातून संग्रहालयास मिळाली, त्यांच्यासोबतच्या पेटीवरील मजकुरात ती शिवाजी महाराजांची म्हटली असून पेशव्यांच्या मंत्र्याकडून डफला मिळाल्याचे नमूद आहे, आणि खुद्द लंडनचे संग्रहालय म्हणते की अफझलखानवधात वापरलेली ती हीच, हे पडताळून पाहता येत नाही. म्हणजे १८१८ नंतरचा पुरावा कागदावर आहे आणि त्याआधीच्या १६० वर्षांचा नाही. मला यात कोणाच्याही भावनेचा अधिक्षेप दिसत नाही. उलट, जेथवर कागद नेतो तेथवर जावे, पुढे थांबावे, आणि थांबल्याचे स्पष्ट सांगावे, ही शस्त्रसंग्राहकाची पहिली दीक्षा होय असे वाटते.

सामान्य ऐपतीच्या माणसाला मार्क वन किंवा तंजावरची कट्यार मिळण्याचा संभव थोडा; परंतु १९०७ च्या नमुन्याची संगीन, अथवा ती आखूड करून केलेला सुरा, आपल्याकडील जुन्या घरांत अजून निघू शकतो. नाशिकजवळ देवळालीची छावणी आहे, मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या पलटणी तेथे जहाजाची वाट पाहत मुक्काम करीत, आणि मराठा, महार पलटणींतून निवृत्त झालेल्यांची घरे तर महाराष्ट्रभर पसरलेली आहेत. अशी संगीन हाती आली तर प्रथम मुठीलगतच्या, धार नसलेल्या भागाकडे पाहावे. एका बाजूला मुकुट, त्याखाली राजाच्या नावाची आद्याक्षरे, १९०७ हा नमुन्याचा आकडा, घडणीचा महिना व साल, आणि कारखान्याचे नाव. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे ठसे, आणि पाते वाकवून त्याची कसोटी घेतल्याची फुली. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेली असेल तर ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे आणि ‘जी. आर. आय.’ अशी बादशाही मुद्रा सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इशापूरने पाते १७ इंचांवरून १२ इंचांवर आणले, तेव्हा लांबीवरूनही काळ उमगतो.

मुठीच्या बुडावर किंवा परजेवर पलटणीचा ठसा असेल तर ते भाग्यच समजावे, कारण तो ठसा कालमापनाचे उत्तम साधन आहे. १९०३ साली सरसेनापती किचनेरने हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले आणि १९२२ साली ते पुन्हा बदलले; १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक या एकोणीस वर्षांतलेच आहेत, नंतर त्या सर्व पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियनी झाल्या. म्हणून ११० व्या मराठ्यांचा ठसा असलेले पाते १९२२ पूर्वी त्या पलटणीच्या कोठारात होते, एवढे निश्चयाने म्हणता येते. त्यापुढे जाऊन, १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढल्या आणि कुतच्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीपर्यंत अडकून पडल्या हे खरे असले, तरी हातातील संगीन कुतहून आली असे केवळ ठशाच्या जोरावर कोणी ठोकून देऊ नये; वेढ्यात सापडलेल्या फौजेची शस्त्रे परत आलीच कशी, हा पहिला प्रश्न विचारावा. विक्रेत्याच्या कहाणीला पैसे मोजणारे पुष्कळ असतात, आणि कहाणी रचणे ठसा कोरण्याहून सोपे असते.

ठसेही कोरले जातात. खंदकी खंजिरांच्या नकला आज इतक्या निघतात, आणि त्यांतल्या कित्येक आपल्याच देशात घडतात, की नवशिक्याने पहिल्या वर्षी काहीच विकत न घेता नुसते पाहत राहावे हे उत्तम. मूळ ठसा पोलादात ठोकलेला असल्याने त्याच्या कडा धारदार आणि तळ खोल असतो. अस्सलावरून साचा काढून ओतलेल्या नकलेत त्याच कडा बोथट होतात आणि मूठही मूळच्या मापाहून किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधी प्रचारात नव्हता, त्यामुळे १९१८ च्या खंजिरात तो दिसला की तो नग निदान दुरुस्त तरी केलेला आहे. गंज एकसारखा आणि नारिंगी असेल तर तो मुद्दाम चढवलेला समजावा. शंभर वर्षांचा गंज काळपट आणि ठिकठिकाणी निरनिराळ्या जाडीचा असतो. दुसऱ्या महायुद्धातील फेअरबर्न-साइक्स नावाच्या ब्रिटिश कमांडो खंजिराच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट पाहिजे. १९४१ च्या आरंभी विल्किन्सन कंपनीतून निघालेल्या पहिल्या नमुन्याची परज नागमोडी आणि तीन इंच रुंद असते, आणि तिची नक्कल करणाऱ्यांची संख्या अस्सल नगांहून कमी नसावी.

जतनाविषयी मात्र मनापासून सांगावयाचे आहे. खंडेनवमीला घरातली शस्त्रे पुजण्याची आपली चाल सुंदर आहे, परंतु त्या निमित्ताने चिंच, लिंबू, राख किंवा विटेची पूड घेऊन पाते लख्ख घासण्याची जी रीत पडली आहे तिने महाराष्ट्रातल्या किती कट्यारींवरील कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडावर नक्षीत बसवलेले, सोने आणि किती संगिनींवरचे ठसे पुसून टाकले असतील याची गणती नाही. आम्लाने लोखंड खाल्ले जाते, घासण्याने ठशाच्या कडा जातात, आणि जौहरदार पोलादावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी एका दिवसात अदृश्य होते. लाल गंज फैलावत असेल तेवढाच, तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने काढावा, काळपट थर राहू द्यावा, आणि वर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि क्षार दमट हवेत लोखंडाला गंज आणि पितळेला हिरवा कळंक चढवतात, आणि हरसूल-पेठसारख्या धो धो पावसाच्या मुलखात तर आषाढ ते आश्विन एवढ्या अवधीत धड पाते खड्डेदार होऊ शकते. म्यान शेजारी निराळे ठेवावे, पण टाकून देऊ नये. त्यावरही ठसे असतात.

कायद्याची बाजू प्रत्येकाने आधी समजून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत तलवारी, खंजीर, संगिनी आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तत्सम हत्यारे यांचा निर्देश आहे, आणि शासनाने अधिसूचना काढली असेल त्या क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो. सार्वजनिक जागी शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारे हुकूमही वेळोवेळी निघत असतात. तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात चौकशी केल्यावाचून खरेदीचे पाऊल टाकू नये. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसास ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे या देशात असलेली पहिल्या महायुद्धाच्या काळातील संगीनही आता या कायद्याच्या कक्षेत आली आहे.

पाहून शिकण्याची ठिकाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत: पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, साताऱ्याचे संग्रहालय, नाशिकरोडचे तोफखान्याचे संग्रहालय. परंतु नोंदीची शिस्त शिकावयाची असेल तर नाशिकहून हरसूलकडे येताना त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी लागते, तेथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणे अभ्यासणारा मनुष्य वजन, व्यास, टांकसाळ, सापडल्याचे ठिकाण आणि सोबतची नाणी यांची टिपणे केल्यावाचून नाण्याविषयी बोलत नाही. शस्त्रांच्या बाबतीत ही शिस्त आपल्याकडे अजून फार थोड्यांनी बाणवली आहे, आणि ती सर्वांनी बाणवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची संगीन, कट्यार किंवा सुरा असेल त्यांनी घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावे की ते पाते कोणाचे, तो कोणत्या पलटणीत किंवा कोणाच्या चाकरीत होता, ते घरात कधी आले आणि ठसे कोणते आहेत; त्या कागदावर तारीख घालून सही करावी, पात्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्याला जोडावे, आणि त्याची एक प्रत जवळच्या संग्रहालयात नेऊन द्यावी.